मावशीचा पुसलेला धागा

चार नंबरच्या मशीनवर बसलेल्या माणसाने लिहिलेलं सगळं मी काउंटरवरच्या मशीनवरून पुसून टाकलं. तो उठून विचारायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, की नेट गेलंय. पुसताना आमच्या दोघांत प्लायवूडचा एक पडदा आणि दहा पावलांचं अंतर होतं. त्याच्या तोंडावर खोटं बोलायला मला काही जड गेलं नाही. जड नंतर झालं आणि पुढे चार वर्षं तसंच राहिलं.

हे नारायणगावातलं आहे. दोन हजार पाचच्या आसपास स्टँडजवळच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर, मी सायबर कॅफे चालवत होतो. माझं गाव महाळुंगे पडवळ. घरी शेती होती, ती थोरला भाऊ बघायचा. मी रोज मोटरसायकलवरून नारायणगावला यायचो. सहा मशीन, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि एक जाड रजिस्टर एवढा पसारा. येणाऱ्याने रजिस्टरात नाव, गाव, मशीनचा नंबर आणि वेळ लिहायची असा नियम होता. गिऱ्हाईक म्हणजे निकाल बघायला येणारी पोरं, मुंबईच्या बाजाराचा टोमॅटोचा भाव बघणारे आणि उगाच बसायला येणारे.

मला नाद होता तमाशाचा. नारायणगावात राहून हा नाद नसणं अवघड आहे. पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या पडतात, प्रत्येक राहुटीपुढे फडाचा बोर्ड असतो, आणि गावोगावचे कारभारी आपल्या यात्रेसाठी फड ठरवायला येतात. तो महिना मी दुपारचं जेवणसुद्धा राहुट्यांत हिंडत विसरायचो.

त्या वर्षांत एक परदेशी साइट फार चालायची. तिच्यावर कुणालाही आपला कट्टा उघडता यायचा. मी तमाशाशौकिनांचा कट्टा उघडला. माझं खरं नाव दिलं नाही, ‘कारभारी’ असं टोपणनाव घेतलं. वर्षभरात कुठून कुठून माणसं जमली. पुण्याचे एक निवृत्त साहेब होते, मुंबईचे टॅक्सीवाले होते, दुबईत क्रेन चालवणारा एक संगमनेरकडचा गडी होता. कुणी जुन्या कॅसेटी साठवलेल्या, कुणी जुन्या हँडबिलांचे फोटो टाकायचा. कुठल्या ढोलकीवाल्याचा हात चांगला यावर आठ-आठ दिवस भांडणं चालायची. सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, वाचताना डोळे दुखायचे, पण मजा यायची.

मग एक दिवस ‘मावशी’ नावाचा सभासद आला.

तमाशात गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची पुढारीण म्हणजे मावशी, आणि ते काम पिढ्यानपिढ्या पुरुषच करत आलाय. वाटेत कृष्ण टोल मागायला अडवतो, तेव्हा लुगडं नेसलेल्या मावशीने कमरेवर हात ठेवायचा आणि समोरच्याची फिरकी घ्यायची. आमच्या मावशीने कट्ट्यावर दर शनिवारी गवळण सुरू केली. सकाळी पहिला प्रश्न तिचाच असायचा.

“का गं पोरींनो, आज कुठं निघालात?”

“मथुरेच्या बाजाराला, मावशे!” एकेक जण लिहायचा. मिशा पिळणारी, पोरंबाळं असलेली माणसं, पण शनिवारी सगळ्या गवळणी व्हायच्या.

“अगं ए दुबईची गवळण, डोक्यावर दही हाय का डिझेल?”

“मावशे, इथं दही लागत न्हाई, उन्हानं थेट तूपच व्हतंय.”

“आन पुण्याची गवळण कुठाय? अजून पावडर लावून झाली न्हाई वाटतं. अगं, बाजार उठंल!”

पुण्याचे निवृत्त साहेब त्यावर तीन ओळी हसायचे. माझ्यावरही टोला असायचा. “आमचे कारभारी बघा, नुसते उभे. ना दही ना ताक.” मी काउंटरवर बसून हसायचो, आणि त्याच वेळी चार नंबरवरून कीबोर्डचा आवाज येत असायचा.

मावशी कोण हे मला दुसऱ्याच शनिवारी कळलं. चार नंबरवर कीबोर्ड वाजला की मावशीची ओळ उमटायची, आणि रजिस्टर माझ्यापुढेच होतं. आणे गावचा माणूस होता. शनिवारी, नारायणगावच्या बाजाराच्या दिवशी, आळेफाट्यापर्यंत एक जीप, तिथून दुसरी, असं करून यायचा. तिशीचा असेल. पाण्याच्या मोटरी भरून द्यायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं त्याचं दुकान होतं. तांब्याची तार घ्यायला म्हणून यायचा आणि दोन तास माझ्याकडे बसायचा. बोलायला लाजाळू. काउंटरवर “भाऊ, चार नंबर मोकळा हाय का?” एवढंच विचारायचा. हाच माणूस तिकडे बसून मला ‘ना दही ना ताक’ म्हणायचा, हे बघून मला गंमत वाटायची. कारभारी म्हणजे मीच, हे मी त्याला सांगितलं नाही. दोन्ही बाजू दिसत होत्या, ते मला आवडत होतं.

एका शनिवारी त्याने एका पाकिटातून दोन जुने फोटो काढले. कोपरे पिवळे पडलेले. एकात लुगडं नेसलेला, नाकात नथ घातलेला एक देखणा पुरुष. दुसऱ्यात तोच पुरुष, साध्या धोतरात, आणि शेजारी ढोलकी मांडीवर घेतलेला दुसरा. “भाऊ, येवढे स्कॅन करून देता का?” मी दिले. काही विचारलं नाही, पण फोटोतला माणूस मी लगेच ओळखला. त्याला मी पाहिलं होतं.

फोटोंसोबत त्याने कट्ट्यावर जे लिहिलं, ते पाच शनिवार चाललं. पहिले चार शनिवार सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. फोटोतला माणूस त्याचा चुलता. सोळाव्या वर्षी फडात गेला, आधी नाच्या झाला आणि मग आयुष्यभर मावशी. लुगड्याच्या निऱ्या कशा धरायचा, दाढी दिवसातून दोनदा कशी करायचा, एका गावात खऱ्याच बायांनी त्याला हळदीकुंकवाला कसं बसवून घेतलं, हे सगळं त्याने लिहिलं. दुबईची गवळण म्हणाली, मावशे, याचं पुस्तक कर.

पाचव्या शनिवारी त्याने लिहिलं ते मला अजून पाठ आहे.

“माझा चुलता आन ढोलकीवाला बत्तीस वर्सं एका चुलीवर जेवले. फड सुटल्यावर दोघं आण्याला येऊन ऱ्हायले. गावानं कधी इचारलं न्हाई, त्यांनी कधी सांगितलं न्हाई. आज मी सांगतो. नवरा-बायको ऱ्हातात तसे ते ऱ्हायले. चुलता गेला तवा ढोलकीवाल्यानं तेरा दिवस चूल पेटवली न्हाई. आन मी बी त्यांच्यातलाच हाय. हितं दर शनिवारी तुमी मला मावशी म्हणता, तवा मला वाटतं आपल्याला आपल्या नावानं कुणीतरी हाक मारली. म्हणून तुमाला सांगावं वाटलं.”

तासाभरात कट्ट्यावर नुसता गोंधळ झाला. दुबईचा गडी म्हणाला, मावशे, तू काय बी अस, आमची मावशी हायेस. दोघा-तिघांनी त्याला साथ दिली. बाकीचे तुटून पडले. कलावंताची बदनामी आहे म्हणाले. मेलेल्या माणसाबद्दल काहीही लिहायचं का, पुरावा काय? हा ‘पुरावा काय’ पंधरा-वीस वेळा आला. टॅक्सीवाल्यांपैकी एकाने लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि पुण्याच्या साहेबांचा मला फोन आला. माझा नंबर असलेले ते एकटेच.

“अहो, तुमच्या कट्ट्यावर हे काय चाललंय? पाडव्यानंतर नारायणगावला आपला मेळावा घ्यायचाय. मी फडमालकांशी बोललोय, लोक घरच्यांना घेऊन येणार आहेत. हे असलं राहिलं तर कोण येईल? मी तरी येणार नाही.”

“पण तो चांगलं लिहितो हो.”

“गवळणीत मावशी चालते. घरात चालत नाही. तुम्ही कारभारी आहात ना? मग करा कारभार.”

मी फोन ठेवला. माझ्या डोक्यात मेळाव्याचा मांडव होता. स्टेजवर मी उभा आहे, फडमालक माझा सत्कार करतायत, आणि यात्रा कमिटीतला माझा भाऊ पुढच्या रांगेत बसून बघतोय. आणि भीतीही होती. हा कट्टा कुणाचा, असं उद्या कुणी विचारलं तर माझं नाव निघेल. लोक मलाही त्यात ओढतील.

मी तो धागा, म्हणजे फोटोंसकट पाचही शनिवारचं लिखाण, पुसून टाकला. मावशीचं सभासदत्वही काढलं. वर एक सूचना टाकली, ‘कौटुंबिक सभासदांच्या भावना लक्षात घेऊन.’ मात्र काढण्याआधी सगळं एका सीडीवर उतरवून घेतलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येत नाही.

दोन मिनिटांनी चार नंबरची खुर्ची सरकली.

“भाऊ, चार नंबरवर काय तरी झालंय. माझं पान उघडंना.”

“नेट गेलंय.”

त्याने मागे वळून बघितलं. तीन नंबरवर एक पोरगा नेटवरून गाणी उतरवत होता, चांगली भराभर. मग चार नंबरवाल्याने रजिस्टरात जायची वेळ लिहिली, पाकीट शर्टाच्या आत घातलं आणि जिना उतरला. पुढच्या बाजाराला आला नाही. त्याच्या पुढच्याही.

आता जे सांगायचं राहिलं ते जास्त लाजिरवाणं आहे. लोक पुरावा मागत होते, आणि पुरावा माझ्याकडे होता.

नव्वदच्या दशकात, मी पंचविशीत असताना, आमच्या महाळुंग्याच्या यात्रेला त्याच्या चुलत्याचा फड आला होता. यात्रेत दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी असते, उन्हात, वगाशिवाय, नुसती गाणी आणि गवळण. मी कमिटीत होतो, कलावंतांचा चहा माझ्याकडे होता. हजेरी संपल्यावर मी किटली घेऊन कनातीमागे गेलो. तिथे पत्र्याच्या पेटीवर ढोलकीवाला बसला होता. फोटोतली मावशी, म्हणजे चुलता, अजून लुगड्यातच होती, पाय त्याच्या मांडीवर. तो तिच्या घोट्यावरचे चाळ सोडत होता. दोरीने घोटा सोलवटला होता. तो एकेक पदर सोडवायचा, थांबून फुंकर घालायचा, मग पुढचा पदर. मला बघून त्याने हात काढला नाही.

“पावणं, चहा हितंच ठिवा. मालकीणबाईंचा पाय मोकळा व्हायचाय अजून.”

“आन साखर जास्त टाकलीय ना?” मावशीने विचारलं. “ह्यांना गोड लागतो.”

ह्यांना, असं म्हणाली. आमच्याकडे बायका नवऱ्याला म्हणतात तसं.

मी किटली ठेवून बाहेर आलो आणि मित्रांना नक्कल करून दाखवली. ते लोळून हसले. पुढे कित्येक वर्षं ती नक्कल माझी ठरलेली होती. लग्नात, पार्ट्यांत, कॅफेच्या काउंटरवरसुद्धा. हसवायला म्हणून जे मी एवढ्या वेळा सांगितलं, ते खरं म्हणून सांगायची वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो.

मेळावा झाला. सत्कार झाला. साहेब घरच्यांना घेऊन आले, पुरणपोळी जेवले. फोटोत मी फेटा बांधून उभा आहे, आणि तो फोटो मी भिंतीवर लावला नाही. कट्ट्यावर पुढच्या शनिवारी कुणी विचारलं नाही, की कुठं निघालात. महिन्याभराने कुणीतरी प्रयत्न केला, पण तो जमला नाही. हळूहळू ढोलकीची भांडणंसुद्धा थांबली.

दीड-दोन वर्षांनी दुबईच्या गड्याचा मला कट्ट्यावर निरोप आला. “कारभारी, मावशी सापडली. तिनं सवताचा फड काढलाय. तुमाला बोलावलेलं न्हाई, पण सांगतो.”

नव्या कट्ट्याचं नाव होतं ‘चाळ’. मी खोट्या नावाने आत गेलो आणि नुसता वाचत राहिलो. तिथे साताऱ्याचा एक प्राध्यापक होता, त्याचा आजा नाटकात बाईचं काम करायचा. विदर्भातला एक खडीगंमतवाला होता, म्हणजे तिकडच्या तमाशात बाईचं काम करणारा, त्याला गाव ‘बाई’ म्हणून चिडवायचं, तो आता सही करताना नावापुढे स्वतःच बाई लिहायचा. पुण्यात एकत्र राहणाऱ्या दोन नर्स होत्या. त्या म्हणायच्या, आम्हाला तमाशातलं काही कळत नाही, पण इथल्या गवळणीत यायला आवडतं. जुने फोटो येत होते, त्याखाली नावगाव, कुठल्या फडात, कुणासोबत राहिला, हे लिहिलं जात होतं. हा सगळा इतिहास कुठल्या पुस्तकात मी वाचला नव्हता. आणि शनिवारी मावशी विचारायची, “का गं पोरींनो, आज कुठं निघालात?”

“मथुरेच्या बाजाराला,” नर्स लिहायच्या, “पण आज ड्युटी आहे, उशीर होईल.”

“व्हऊ द्या उशीर. थांबते मी.”

दोन हजार नऊच्या जुलैत दिल्लीच्या हायकोर्टाने निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांच्या, मग ते दोघं पुरुष असोत की दोघी बायका, राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा म्हणता येणार नाही. टीव्हीवर हिंदीत चर्चा चालल्या होत्या, माझ्या घरच्यांनी चॅनल बदललं. मी कॅफेत येऊन ‘चाळ’ उघडलं. प्रत्येकाने आपल्या फोटोच्या जागी पायातल्या चाळांचा फोटो लावला होता. कुणाचे पितळी, कुणाचे चामड्याच्या पट्ट्यावरचे, नर्सनी बाजारातून लहान पोरीचे पैंजण आणून लावले होते. पानभर नुसते चाळ. त्या दिवशी शनिवार नव्हता, तरी गवळण दिवसभर चालली. खडीगंमतवाल्याने लिहिलं, “मावशे, आज टोल न देता मथुरेला जायचं.”

मावशीने शेवटी आभार मानले. एकेकाचं नाव घेतलं. मग लिहिलं, “आन नारायणगावात एक कॅफेवाला भाऊ व्हता. मी चुलत्याचे फोटो भीत भीत घेऊन गेलो. त्यानं काय बी इचारलं न्हाई, वाकडं बघितलं न्हाई, गुमान स्कॅन करून दिले. तिथनं सगळं सुरू झालं. तो कुठं बी असो, सुखी असो.”

मी मशीन बंद केलं. गिऱ्हाईक बसलेली होती, त्यांना सांगितलं आज लवकर बंद करतोय.

पुढच्या आठवड्यात सीडी खिशात घालून मी जीपने आण्याला गेलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही. तो मोटरीत तार भरत होता. आतल्या बाजूला बाजेवर एक फार म्हातारा माणूस बसला होता, बोटं मांडीवर हलत होती.

“या भाऊ!” तो उठलाच. “लई वर्सांनी. चा घेणार?”

“आधी बोलू दे,” मी म्हणालो. “कारभारी मीच होतो. तुझा धागा मी पुसला. तू चार नंबरवर बसला होतास तेव्हा. नेट गेलं नव्हतं.”

तो बसला. तार हातात तशीच होती. तो ती बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिला.

“मला वाटायचं पुण्याचा कोणीतरी असंल,” तो म्हणाला.

मी सीडी पुढे केली, सगळं त्यात आहे म्हणालो. मग कनातीमागचं सांगितलं. चाळ, फुंकर, चहा. नक्कल केली तेही सांगितलं. माझा आवाज चढला असावा, कारण बाजेवरून म्हाताऱ्याने विचारलं,

“म्हाळुंग्याची हजेरी? किटली तुमी आणली व्हती व्हय?”

“होय बाबा.”

“लई गोड केल्ता,” ढोलकीवाला म्हणाला. “पाक व्हता नुसता. पर ह्याच्या चुलत्यानं मला पिऊ घातला.” आणि तो हसायला लागला. पुतण्यालाही हसू आलं, पण त्याने ते लगेच आवरलं.

“भाऊ, मी चुकलो, माफ कर,” मी म्हणालो.

“न्हाई,” तो म्हणाला. “हितं न्हाई. पुसलं तुमी सगळ्यांम्होरं, आन माफी मोटरीच्या दुकानात? हितं तुमी मोकळं व्हऊन जाल. माझ्या चुलत्याचं काय? लोकांनी पुरावा मागितला व्हता. जिथं मागितला तिथं द्या. तुमच्या नावानं.”

परत येताना जीपमध्ये मला दरवाजाजवळ लटकून यावं लागलं. घाट उतरेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि खाली उतरल्यावर ती सगळी नकली वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जुन्या कट्ट्यावर मावशीचा धागा होता तसा परत चढवला, पाचही शनिवार, फोटोंसकट. पुण्याच्या साहेबांना आधी फोन करून सांगितलं. ते “तुमची मर्जी” म्हणाले आणि कट्टा सोडून गेले. भावालाही सांगितलं. त्याने दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी पाण्याची पाळी कुणाची हे विचारायला बोलला. टोपणनाव काढून मी खरं नाव टाकलं, गाव टाकलं. मग चार नंबरच्या मशीनवर जाऊन बसलो आणि धाग्याच्या खाली हे लिहिलं.

‘कारभारी म्हणजे मी. हा धागा मी पुसला होता, कारण मला लोकांची भीती वाटली आणि मला सत्कार हवा होता. सभासदांच्या भावना हे मी खोटं कारण दिलं होतं. तुम्ही पुरावा मागितला होता. महाळुंगे पडवळच्या यात्रेत हजेरीनंतर मी या दोघांना कनातीमागे पाहिलंय. ढोलकीवाले मावशीच्या पायातले चाळ सोडत होते आणि सोलवटलेल्या घोट्यावर फुंकर घालत होते. मावशी त्यांना ‘हे’ म्हणाली. माझ्या घरात माझी बायको मला म्हणते, तसंच. यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी हसलो, आणि खूप लोकांना हसवलं. मावशी, तुझी माफी मागतो. तुझ्या चुलत्याची मागतो. आण्याच्या बाबांची मागतो, आणि बाबा, त्या दिवशी साखर खरंच जास्त झाली होती, तिचीही.’